जिरोनाची नॅरोगेज वाट: ज्वालामुखीपासून समुद्रापर्यंत सायकलने

माझं आजोळ बार्शीचं. बार्शी लाइट रेल्वेच्या गोष्टी ऐकतच मी लहानाची मोठी झाले. अडीच फुटी रूळ, म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्यामुळे स्पेनच्या ईशान्येला, कातालोनियातल्या जिरोना शहरात एका जुन्या गाडीचे रूळ ७५० मिलिमीटरचे होते हे कळलं तेव्हा मला एकदम ओळखीचं काही सापडल्यासारखं वाटलं. फरक जेमतेम बोटभराचा, आणि काळही तोच. आपली बार्शी लाइट १८९७ साली धावायला लागली. जिरोनाहून समुद्रकाठच्या सान फेलिऊ दे गिशोल्सला जाणारी गाडी १८९२ साली सुरू झाली आणि डोंगराकडची, ओलोतपर्यंतची लाइन १९११ साली पूर्ण झाली. तिथले लोक या छोट्या गाडीला ‘कारिलेत’ म्हणतात. दोन्ही लाइनी १९६९ मध्ये बंद पडल्या. रूळ गेले, पण भराव, कापलेल्या टेकड्या, पूल आणि स्टेशनं तशीच राहिली. आज त्याच पट्ट्यावरून सायकली जातात.

स्पेनमध्ये अशा मार्गांना ‘विया वेर्दे’, म्हणजे हिरवी वाट म्हणतात. १९९३ पासून बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर त्या तयार होत आल्या आहेत आणि आता त्यांची एकूण लांबी तीन हजार किलोमीटरच्या पुढे गेली आहे. पहिल्यांदाच सायकलवर सामान लादून निघणाऱ्याला त्यातली कुठली सुचवायची, असं मला विचारलं तर मी जिरोनाचीच सांगेन. कारण साधं आहे. वाफेच्या छोट्या इंजिनाला उभा चढ झेपत नसे, म्हणून रस्ता आखणाऱ्यांनी चढ दोन-तीन टक्क्यांच्या वर फारसा जाऊच दिला नाही. रोज ४०-५० किलोमीटर शांतपणे चालवू शकणाऱ्या कुणालाही हा प्रवास जमतो, वय साठीच्या पुढे असलं तरी. अट एकच, त्या गाडीच्याच चालीने जायचं. दर स्टेशनावर थांबायचं.

आधी दिशा ठरवा

ओलोत ते जिरोना सुमारे ५७ किलोमीटर आणि जिरोना ते सान फेलिऊ दे गिशोल्स सुमारे ४०. ओलोत समुद्रसपाटीपासून ४४३ मीटरवर आहे, जिरोना साधारण ७० मीटरवर. बरेच जण जिरोनात उतरतात, सायकल घेतात आणि थेट ओलोतकडे निघतात. तो दिवसभराचा चढ आहे. मंद असला तरी सामानासह कंटाळवाणा होतो. तुम्ही उलट करा. आधी बसने किंवा व्हॅनने ओलोतला जा आणि तिथून सायकलवर खाली या.

पण ‘सगळा उतारच आहे’ असं कुणी सांगितलं तर पूर्ण विश्वास ठेवू नका. ओलोतहून निघाल्यावर पहिल्या दहा-बारा किलोमीटरमध्ये वाट कोल द’एन बासच्या खिंडीपर्यंत, म्हणजे सुमारे ६२० मीटरपर्यंत चढते. ही साधारण १८० मीटरची चढाई सकाळी, ताज्या पायांनी होते. मग तिथून जिरोनापर्यंत साडेपाचशे मीटर उतार मिळतो. हा हिशेब मनात पक्का असला की पहिल्या तासाला घाबरायला होत नाही.

माझं वेळापत्रक असं: एक पूर्ण दिवस जिरोनात, एक ओलोतमध्ये, मग ओलोत–आमेर, आमेर–जिरोना, जिरोना–समुद्र असे सायकलचे तीन दिवस आणि परतीचा एक. ओलोत–जिरोना एका दिवसात सहज होतं, पण मग आमेरसारख्या गावातली संध्याकाळ हुकते.

व्हिसा, ऋतू आणि घरची तयारी

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी अर्ज करता येतो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा सक्तीचा आहे. विमा घेताना सायकल प्रवासातला अपघात त्यात धरला आहे का, ते पॉलिसीत स्वतः वाचून बघा. काही स्वस्त पॉलिसी ‘साहसी खेळ’ म्हणून तो वगळतात.

ऋतू एप्रिल ते जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक असतं आणि समुद्राकडचा भाग सुट्टीवर आलेल्यांनी भरून जातो. मे महिन्यात जिरोनात ‘तेंप्स दे फ्लोर्स’ हा फुलांचा उत्सव असतो. जुन्या शहरातली अंगणं आणि जिने फुलांनी सजवलेले असतात. बघण्यासारखा आहे, पण त्या दिवसांत राहायला जागा मिळणं अवघड. ऑक्टोबरच्या शेवटी सान नार्सिस या ग्रामदेवतेची जत्रा असते, तेव्हाही तेच. पावसाचं म्हणाल तर तिथे एक म्हणच आहे: ओलोतला पाऊस नसेल तर कुठेच नसेल. वसंतातही पातळ रेनकोट पिशवीच्या तळाशी न ठेवता वर ठेवा.

सराव घरीच करता येतो. निघण्याआधीच्या दोन महिन्यांत तीन-चार वेळा लागोपाठ दोन दिवस चाळीस-चाळीस किलोमीटर चालवा, मागे आठ-दहा किलो बांधून. दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसताना काय वाटतं, तीच खरी परीक्षा. शक्य असेल तर एक दिवस कालव्याच्या कडेच्या कच्च्या रस्त्यावर घालवा. जिरोनाच्या वाटेचा बराचसा पृष्ठभाग दाबलेल्या मातीचा आणि बारीक खडीचा आहे, आणि डांबरावर सवय झालेल्या हातांना तिथे पहिला अर्धा तास चाचपडायला होतं.

जिरोनात पहिला दिवस पायी

विमान बहुधा बार्सिलोनाला उतरेल. तिथल्या सांत्स स्टेशनवरून जलदगती गाडी सुमारे ४० मिनिटांत जिरोनाला पोहोचवते, साधी प्रादेशिक गाडी सव्वा ते दीड तासात. स्वतःची सायकल नेणार असाल तर साध्या गाडीनेच जा. तिच्यात सायकल चढवता येते, जलदगती गाडीत ती सुटी करून पिशवीत भरावी लागते.

लांबच्या प्रवासाहून आल्या आल्या सायकलवर बसू नका. दिवसभर शहरात पायी फिरा. ओन्यार नदीच्या दोन्ही काठांवर पिवळ्या, तांबड्या, गेरूच्या रंगाची घरं थेट पाण्यातून वर आल्यासारखी उभी आहेत. नदीवरचा लाल लोखंडी पूल आयफेलच्या कंपनीने १८७७ साली बांधला, पॅरिसच्या मनोऱ्याच्या बारा वर्षं आधी. पलीकडे जुन्या यहुदी वस्तीच्या गल्ल्या आहेत, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावं इतक्या अरुंद. वर कॅथेड्रल. तिचं सभागृह सुमारे २३ मीटर रुंद आहे, मध्ये एकही खांब नाही. गॉथिक बांधणीत याहून रुंद सभागृह दुसरं नाही. आत जुन्या संग्रहात सृष्टीच्या उत्पत्तीचं भरतकाम केलेला मध्ययुगीन पडदा आहे, त्यासाठी वेळ ठेवा. संध्याकाळी तटबंदीवरून चाला. तिथून पश्चिमेला दिसणारे डोंगर म्हणजे तुम्ही परवा जिथून येणार तो प्रदेश.

सायकल घेताना

जगभरचे व्यावसायिक सायकलपटू सरावासाठी जिरोनात येऊन राहतात. त्यामुळे दुकानं भरपूर आहेत, पण दर्शनी भागात दिसतील त्या शर्यतीच्या हलक्या, बारीक टायरच्या सायकली. त्या आपल्याला नकोत. ‘विया वेर्दे’ आणि ‘आल्फोर्खास’, म्हणजे सायकलला लटकवायच्या पिशव्या, एवढे दोन शब्द सांगितले की दुकानदाराला काय हवं ते कळतं. मागायचं ते असं:

- टायर किमान ३५ मिलिमीटर रुंद, ४० असतील तर उत्तम;
- मागे पक्कं कॅरिअर आणि दोन पिशव्या, पाठीवर सॅक अजिबात नको;
- मडगार्ड, घंटी, पुढचा-मागचा दिवा, कुलूप;
- जादा ट्यूब, पंप, टायर काढायच्या पट्ट्या.

मग दुकानासमोर दहा मिनिटं चालवून बघा. एक गोष्ट आवर्जून तपासा. आपल्याकडे पुढचा ब्रेक सहसा उजव्या हाताला असतो, तिथे बहुतेक सायकलींना तो डाव्या हाताला. खडीवर घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला तर चाक घसरतं. म्हणून चालू लागण्याआधी जागेवर उभं राहून एकेक ब्रेक दाबा, कुठलं चाक अडतं ते बघा आणि हाताला ते पाठ होऊ द्या. दुसरी सवय उजवीकडून चालवण्याची. सरळ वाटेवर ती लगेच लागते, पण रस्ता ओलांडून पुन्हा वाटेवर येताना डोकं गोंधळतं. पहिल्या दिवशी प्रत्येक वळणावर मी ‘उजवीकडे’ असं मोठ्याने म्हणत होते. त्याचा उपयोग झाला.

हवा कमी ठेवा. दुकानात बहुतेक वेळा टायर दगडासारखे टणक भरून देतात. अंगठ्याने जोर लावल्यावर थोडं दबेल इतकी हवा सोडली की खडीवर सायकल उड्या मारायची थांबते आणि मनगटांना बरं वाटतं.

गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं आहे. रात्री दिवे लागतात आणि गावाबाहेर चमकणारं जाकीटही. सायकल चालवताना फोन हातात घेणं किंवा कानात इअरफोन घालणं हा दंडाचा गुन्हा आहे. मद्याची मर्यादा सायकलस्वारालाही लागू होते, तेव्हा जेवणाबरोबर येणारी वाइन रात्रीसाठी राखा. कुठल्याही संकटात फोन ११२.

ओलोत

जिरोनाच्या बसस्थानकातून ओलोतला बस जाते. स्थानक रेल्वे स्टेशनला लागूनच आहे. बसमध्ये सायकलींना मर्यादित जागा, म्हणून आदल्या दिवशी चौकशी हवीच. त्यापेक्षा सोपं म्हणजे सायकल देणाऱ्यालाच विचारणं. जिरोना परिसरात प्रवाशांना सायकलींसह व्हॅनने ओलोतला सोडणारे व्यावसायिक आहेत. चौघं-पाच जण असाल तर तेच परवडतं.

ओलोत हे ज्वालामुखींमधलं गाव. गारोत्शा प्रदेशात चाळीसएक निद्रिस्त ज्वालामुखी आहेत आणि त्यातला मोंत्साकोपा तर गावातच आहे. संध्याकाळी अर्ध्या तासात चढून मुखाच्या कडेने फेरी मारता येते. वर एक छोटं चॅपल आहे. मुखाच्या आत आता गवत आहे. वाटेवरचा दगड मी उचलून बघितला. काळा, सच्छिद्र, आपल्या सह्याद्रीतल्या पाषाणाच्या भावकीतला. सह्याद्रीचा बेसाल्ट कोट्यवधी वर्षांचा आणि हा त्या मानाने कालपरवाचा, पण हाताला ओळख पटते.

सकाळी लवकर उठलात तर गावाजवळच्या फाजेदा द’एन जोर्दा या बीच वृक्षांच्या जंगलात जाऊन या. क्रोस्कात ज्वालामुखीच्या लाव्ह्यावर ते उगवलं आहे. आतल्या पाऊलवाटांवर सायकल नेऊ नका, बाहेर कुलूप लावून पायी फिरा.

ओलोत ते जिरोना

गावातून बाहेर पडणं हाच या दिवसाचा सर्वात गोंधळाचा भाग. ‘विया वेर्दे’च्या पाट्या शोधा. त्याच वाटेवर ‘पिरिनेक्सस’ या ३५३ किलोमीटरच्या वर्तुळाकार मार्गाच्याही पाट्या दिसतील. फ्रान्समध्ये जाऊन परत जिरोनाला येणारा तो मार्ग हीच वाट वापरतो, तेव्हा गोंधळू नका. लेस प्रेसेस मागे पडलं की बासचं खोरं उघडतं: सपाट शेतं, मक्याचे पट्टे, चारही बाजूंना डोंगर. सान एस्तेवे द’एन बासनंतर चढ सुरू होतो. हलक्या गिअरवर या आणि बोलता येईल इतक्याच दमाने चालवा. धाप लागली तर तुम्ही इंजिनापेक्षा वेगाने जाताय असं समजा.

खिंड कधी आली ते कळतही नाही. पाटीआधी पायच सांगतात. पेडल एकदम हलकं होतं, चेनचा आवाज थांबतो आणि चाकाखाली खडीची बारीक कुरकुर तेवढी ऐकू येते. इथे थांबून जाकीट घाला. घामेजल्या अंगाने पुढचा सावलीतला उतार थंड लागतो.

पुढे सान फेलिऊ दे पायेरोल्स. या नावापाशी सावध राहा. या एकाच प्रवासात दोन सान फेलिऊ आहेत, हे डोंगरातलं आणि शेवटचं समुद्रकाठचं. आमच्यातल्या एका मैत्रिणीने समुद्रकाठची समजून खोली इथली घेतली आणि ते तिला आदल्या रात्री कळलं. पैसे गेले. आरक्षण करताना नाव शेवटपर्यंत वाचा.

लेस प्लानेस द’ओस्तोलेस ते आमेर हा मला सर्वात आवडलेला टप्पा. ब्रुजेंत नदी सोबत असते, ओकची दाट सावली असते, आणि टेकडी कापून काढलेल्या जागी दोन्ही बाजूंच्या ओल्या भिंतींवर शेवाळ आणि नेचे वाढलेले असतात. वेग घेण्याचा मोह इथेच होतो. घेऊ नका. समोरून आजी-आजोबा चालत येत असतात, लहान मुलं तीनचाकीवर असतात. लांबूनच घंटी वाजवा आणि ‘बोन दिया’ म्हणा. सगळे उत्तर देतात.

जिथे वाट डांबरी रस्ता ओलांडते तिथे मोटारी आत शिरू नयेत म्हणून खांब किंवा लाकडी अडसर लावलेले असतात. पिशव्यांमुळे सायकल मागे रुंद झालेली असते हे उतारावर विसरायला होतं. पहिले दोन-तीन अडसर उतरून, सायकल हाताने नेऊन पार करा. रुंदीचा अंदाज आला की मग बसून जा. रस्ता ओलांडताना पाय टेकवून थांबायचंच. आणि ‘वाहनमुक्त’ म्हणजे शंभर टक्के नव्हे. गावांतून जाताना थोडा भाग साध्या गल्ल्यांचा आहे, शेताजवळ ट्रॅक्टर भेटतो.

आमेरच्या कमानींच्या मोठ्या चौकात मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी आंग्लेस, बोन्मती, बेस्कानो, साल्त असा तेर नदीचा रुंद, सपाट टापू लागतो. पॉप्लरच्या सरळ रांगा, भाज्यांचे मळे, जुन्या कापडगिरण्या. सुंदर आहे, पण डोंगरातलं पाहून आल्यावर साधा वाटतो. दुपारपर्यंत जिरोनात पोहोचाल.

खाणं-पिणं आणि बंद दुकानं

गावातली दुकानं दुपारी दीड-दोनच्या सुमाराला बंद होतात ती साडेचार-पाचलाच उघडतात. रविवारी बहुतेक बंदच. खानावळीत जेवण एक ते साडेतीन, रात्रीचं साडेआठनंतर. भारतीय पोटाला साडेसातला भूक लागते, तेव्हा फळं, बदाम, पाव सोबत ठेवा. पाणी गावातल्या कारंज्यांवर भरता येतं. ‘नो पोताब्ले’ किंवा ‘नो त्राक्तादा’ लिहिलं असेल तर ते पिऊ नका.

दुपारी ‘मेनू देल दिया’ मागा. ठरलेल्या किमतीत दोन पदार्थ, गोड आणि पाव मिळतो. शाकाहारी असाल तर ‘सेन्से कार्न नी पेइश’, म्हणजे मांस नको, मासेही नकोत, असं दोन्ही सांगा. नुसतं मांस नको म्हटलं तर ट्यूना घातलेलं सॅलड येतं. गारोत्शाची सांता पाउची पांढरी घेवडी प्रसिद्ध आहे, पण बरेचदा डुकराच्या मांसाच्या सॉसेजबरोबर वाढतात, विचारून घ्या. बिनधास्त मागावं असं म्हणजे एस्कालिवादा, निखाऱ्यावर भाजलेली वांगी आणि ढोबळी मिरची, आपल्या भरताची चुलत बहीण. आणि ‘पा अम्ब तोमाकेत’: खरपूस पावावर पिकलेला टोमॅटो अर्धा कापून चोळायचा, गर पावाला लागतो आणि हातात नुसतं साल उरतं, वर मीठ आणि ऑलिव्ह तेल. लेस प्लानेसमध्ये एका बाईंनी मला तो चोळून दाखवला, कारण मी चकत्या करून ठेवत होते. जिरोनाचा शुइशो हा तळलेला, आत गोड क्रीम भरलेला प्रकार सायकलस्वाराने दिवसाला एक खायलाच हवा.

जिरोना ते समुद्र

दुसरी लाइन जिरोनातल्या प्लासा देल्स पायसोस कातालान्स या चौकापासून निघते. क्वार्त हे काळ्या मातीच्या भांड्यांचं गाव, मग यांबीयेस, कासा दे ला सेल्वा, यागोस्तेरा. इथवर थोडा चढ, इतका थोडा की वारा समोरून असेल तरच जाणवेल. सावली पहिल्या लाइनपेक्षा कमी आहे, म्हणून आठ वाजता निघा.

या गाडीचं मोठं काम होतं सान फेलिऊच्या बंदरात बुचाचा माल पोहोचवणं. कासाच्या पुढे वाटेकडेला बुचाचे ओक दिसायला लागतात. एका झाडापाशी उतरून बघा. साल काढलेल्या जागी खोड माणसाच्या उंचीपर्यंत तांबूस, गुळगुळीत. त्याच्या वर जुनी साल जाड, भेगाळलेली आणि बोटाने दाबली तर किंचित आत जाणारी. ही साल साधारण नऊ ते चौदा वर्षांनी पुन्हा काढण्याजोगी होते.

सांता क्रिस्तिना द’आरोपासून वस्ती वाढते आणि हवेत खारेपणा येतो. सान फेलिऊत किनाऱ्याजवळच जुना मठ आणि त्याची पोर्ता फेर्रादा ही कमानींची दगडी भिंत आहे. आधी ती बघा, मग पाण्यात पाय घाला.

परतायला बस आहे, पण सायकलीसाठी तीच चौकशी करावी लागते. मी सायकलनेच परतले. त्याच वाटेने चाळीस किलोमीटर, दुपारचं ऊन टाळून दुसऱ्या दिवशी सकाळी. वाळूत सायकल नेली असेल तर निघण्याआधी चेन आणि मागची दातेरी चाकं फडक्याने कोरडी पुसून दोन थेंब तेल सोडा. तेल नसेल तर मुक्कामाच्या ठिकाणी मागा, मला तिथल्या आजोबांनी शिवणयंत्राच्या तेलाची बाटली आणून दिली होती. जिरोनात सायकल परत करताना दुकानदार सगळ्यात आधी चेनच बघतो.